क्रम बदलला की आयुष्य बदलतं : धातूच्या थकव्याच्या हिशोबाची पार्श्वभूमी

ओढून तोडायला जेवढा ताण लागतो, त्याहून बऱ्याच कमी ताणालाही धातू तुटतो; तो ताण लाखो वेळा उलटसुलट व्हावा लागतो, इतकंच. यालाच धातूचा थकवा म्हणतात. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी 1870 पर्यंत ॲक्सलवरच्या चाचण्यांतून हे पक्कं केलं. ताणाविरुद्ध आवर्तनं मांडणारा एस-एन आलेख त्यातूनच पुढे आला. अडचण एवढीच, की त्या चाचण्यांत एका नमुन्यावर प्रत्येक आवर्तन सारखंच असे. विमानाच्या पंखाला किंवा ट्रकच्या चासीला असं सुख नसतं; तिथे लहान-मोठे भार मिसळून येतात.

यावर 1924 मध्ये पाल्मग्रेन यांनी बॉल बेअरिंगसाठी, आणि 1945 मध्ये डग्लस विमान कंपनीतल्या माइनर यांनी एकच तोडगा दिला : सरळ बेरीज. 200 मेगापास्कल (ताणाचं एकक) एवढ्या ताणाला 1 लाख आवर्तनांत तुटणारा भाग 20,000 आवर्तनं चालला, की 0.2 आयुष्य खर्ची. 150 मेगापास्कलला 5 लाखांपैकी 1.5 लाख झाली, की आणखी 0.3. बेरीज 1 झाली की भाग गेला.

नियम सोपा, म्हणून टिकला. पण कोणता भार आधी आला आणि कोणता नंतर, हा क्रम तो बघत नाही. 1954 मध्ये कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेटची दोन विमानं हवेत फुटली. एकाची सुमारे 1,290 उड्डाणं झाली होती, दुसऱ्याची 900. त्याआधी कारखान्यात केबिनचा चाचणी-भाग मात्र 16,000 हून जास्त दाब-आवर्तनं टिकला होता. कारण त्याच भागावर आधी जवळजवळ दुप्पट दाबाची ताकद-चाचणी झालेली. खिडकीच्या कोपऱ्याशी धातू थोडा कायमचा ताणला गेला. दाब उतरल्यावर भोवतालच्या धातूने त्याला आवळलं आणि तिथे संकोचाचा ताण शिल्लक राहिला. पुढची आवर्तनं तडा उघडायला कमी पडली. खाच नसलेल्या गुळगुळीत नमुन्यात बहुधा उलटं घडतं : मोठा भार आधी आला तर तडा लवकर सुरू होतो, मग एरवी निरुपद्रवी असलेले लहान भारही तो वाढवतात आणि बेरीज 1 व्हायच्या आतच नमुना तुटतो.

दुसरा घोळ मोजणीचा. ताणाच्या नोंदीत मोठ्या चढावर मध्येच लहानशी लाट आली, म्हणून चढाचे दोन तुकडे धरले तर? वेल्डेड जोडाला नुकसान साधारण ताणाच्या घनाच्या प्रमाणात होतं. निम्म्या तुकड्याचं 1/8, दोन्ही मिळून 1/4. म्हणजे नुकसान चौपट कमी दिसतं. मात्सुइशी आणि एंदो यांनी 1968 मध्ये जपानमध्ये मांडलेली रेनफ्लो पद्धत मोठा झोका अखंड मोजते आणि लाट वेगळी. ताणाची नोंद उभी धरायची आणि पॅगोडाच्या छपरांवरून पाणी ओघळावं तशी वाचायची. क्रम मात्र तिच्यातही हरवतो. म्हणून प्रयोगशाळेत सगळे मोठे भार आधी उरकत नाहीत. लहान-मोठे मिसळून छोटे गट करतात आणि तेच पुन्हा पुन्हा चालवतात.