ट्रकवाल्यांचे रस्त्यावरचे रीतिरिवाज (विदर्भ)

लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांनी आपापसांत पाळलेले, कुठेही लिहून न ठेवलेले संकेत. वाट कोणी कोणाला द्यायची, बंद पडलेल्या गाडीपाशी थांबायचे की नाही, ढाब्यावर काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे सारे त्यांत येते. असे संकेत देशभर आहेत. विदर्भात त्यांना इथल्या काळ्या मातीने, उन्हाळ्याने आणि कापसाच्या हंगामाने आपले वळण दिले. रस्ते अरुंद, गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही आणि खिशात फोन नाही, अशा काळात हे रिवाज घट्ट झाले. त्यांना चालकांचा भलेपणा म्हणण्याचा मोह होतो, पण मुळाशी रोकडा हिशेब होता: आज आपण थांबलो नाही, तर उद्या आपल्यासाठी कोण थांबणार?

नागपूरला देशातले दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक सुरत-धुळ्याकडून मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली, देवरी असा रायपूरकडे जातो. दुसरा उत्तरेकडून येऊन हिंगणघाट, पांढरकवड्यावरून हैदराबादकडे उतरतो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, ६ चा ५३ आणि ७ चा ४४ झाला. जुन्या चालकांच्या तोंडी मात्र ‘सहा नंबर’ आणि ‘सात नंबर’च आहे. वणी-घुग्घुसचा कोळसा, गडचांदूरकडचे सिमेंट, वरूड-मोर्शीची संत्री आणि यवतमाळ-हिंगणघाटच्या रुईच्या गाठी याच वाटांनी बाहेर पडतात.

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कडक पाळला गेलेला रिवाज साईडपट्टीचा, म्हणजे डांबराच्या कडेच्या मातीच्या पट्टीचा. डांबराची पट्टी एका गाडीपुरती, फार तर दीड गाडीची. समोरासमोर आल्यावर दोघांनीही डावी चाके खाली उतरवायची, हा सर्वसाधारण न्याय. पावसाळ्यात तो चालत नसे. काळी माती भिजली की भरलेल्या ट्रकचे मागचे चाक बघता बघता आसापर्यंत आत जाते आणि मग अर्धा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणून आषाढ-श्रावणात रिकाम्या गाडीने पूर्ण खाली उतरायचे आणि भरलेलीला डांबर सोडू द्यायचे नाही, असे ठरून गेले. भरल्या गाडीला मुद्दाम पट्टीवर ढकलणाऱ्याचा नंबर पुढच्या ढाब्यावर त्याच्या आधी पोचलेला असे, आणि तिथे त्याला चहासुद्धा जरा उशिराच मिळे. घाटात याच न्यायाचे दुसरे रूप दिसते: चढणाऱ्याला आधी वाट. हा संकेत १९८९ च्या रस्तानियमावलीतही होता, पण तळेगावच्या नाहीतर बुलडाण्याजवळच्या राजूर घाटात तो पाळणाऱ्यांनी नियमावली वाचली असण्याची शक्यता कमीच.

कापसाच्या हंगामात रस्त्यावर बैलबंड्यांची रांग लागे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली आणि खरेदी केंद्रांच्या दिशेने निघालेल्या बंड्या रात्रभर चालत. खाली लटकवलेला एक कंदील, बस. बैल बुजले की बंडी सरळ खड्ड्यात. त्यामुळे बंडी दिसताच मोठा दिवा डिप्परवर घ्यायचा, हॉर्न वाजवायचा नाही आणि बंडीवाला झोपला असला तर क्लिनरने खिडकीतून हाक मारून त्याला उठवायचे. कापूस भरलेल्या ट्रकच्या आसपास कोणी बिडी पेटवत नसे. अशा ट्रकचा दोर सैल झालेला दिसला, किंवा ताडपत्रीखालून धूर येताना दिसला, तर समोरून येणाऱ्याने थांबून सांगणे हे कर्तव्यच मानले जाई.

गाडी बंद पडली की पहिले काम खुणेचे. क्लिनर पळसाची नाहीतर बाभळीची डहाळी तोडून मागे पन्नासेक पावलांवर आडवी टाकी आणि तिथून गाडीपर्यंत दगड मांडत येई. मागचा ट्रक जवळ येऊन हळू होई आणि प्रश्न ठरलेला: “काहून थांबला भाऊ? काही लागते का?” कमानीचा (चाकावरच्या स्प्रिंगचा) पाटा तुटला असेल तर गावातून मिस्त्री आणण्यासाठी क्लिनरला बसवून न्यायचे, जॅक-पाना लागत असेल तर तो देऊन पुढे निघायचे. उसना पाना परत देण्याची सोय ठरलेली होती. ज्या ढाब्यावर पान्याचा मालक थांबतो तिथे तो ठेवायचा, गाडीचा नंबर चिठ्ठीवर लिहून. ढाबेवाला तो गल्ल्याखाली ठेवी, कधी महिनाभरसुद्धा. आणि गाडी दुरुस्त झाल्यावर मांडलेले दगड उचलून बाजूला टाकायचेच. ते तसेच सोडून जाणाऱ्याइतका नालायक माणूस या धंद्यात दुसरा नाही, यावर चालकांत अजूनही एकमत आहे. रात्री त्या दगडांनी दुचाकीवाले मेलेले सगळ्यांनी पाहिलेले असतात.

खुणांची भाषा आटोपशीर होती. पुढच्या चालकाने उजवा हात बाहेर काढून मागून पुढे झुलवला म्हणजे ‘निघा’. रात्री डाव्या इंडिकेटरचा अर्थ रस्ता मोकळा, उजव्याचा अर्थ थांबा. पण काही जण नेमके उलटे घेत, म्हणून मुरलेला चालक खुणेवर विसंबून कधीच पुढे घुसत नसे. भरदिवसा समोरच्याने दिवे दाखवले की पुढे आरटीओ किंवा पोलीस उभे आहेत. अरुंद पुलावर ज्याने आधी दिवा दिला तो आधी. गाडी मागे घेताना क्लिनर फळ्यांवर थाप मारी, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

क्लिनर ही या व्यवस्थेची शाळा. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायर ठोकून हवा ओळखायची, काच पुसायची, रात्री चालकाला डुलकी लागू नये म्हणून बोलत राहायचे. चालकाला तो ‘उस्ताद’ म्हणे आणि उस्ताद त्याला मोकळ्या रस्त्यावर थोडेथोडे स्टिअरिंग देई. गाडी शिकण्याचा परवाना वगैरे नंतर. याच नात्यात शिव्या, कानफटात आणि बुडवलेला पगारही होता. तसेच हा सारा शिष्टाचार ट्रकवाल्यांपुरता होता, हेही नोंदवायला हवे. सायकलवाल्याला साईड देण्याचे बंधन कुणीच मानत नसे.

ढाब्यावर झोपलेल्या चालकाला उठवायचे नाही, दुसऱ्याच्या गाडीच्या तोंडाशी आपली गाडी लावायची नाही आणि भाडे किती मिळाले हे कधीही विचारायचे नाही. माल काय, कुठला, हे विचारलेले चाले. घरचे निरोपही इथूनच जात. हैदराबादकडे निघालेला चालक पांढरकवड्याच्या अलीकडे उलट दिशेच्या ओळखीच्या गाडीला थांबवून “घरी सांगजो, सोमवारपर्यंत येतो” एवढे सांगे. एसटीडी बूथ आल्यावर हे कमी झाले. उन्हाळ्यात रबर चढवलेल्या टायरवर भरली गाडी भर दुपारी हाकत नसत. निंबाखाली गाडी लावायची आणि रेडिएटरसाठी थांबलेल्याला छागलीतले (पाण्याच्या पिशवीतले) पाणी द्यायचे, त्याला नाही म्हणायचे नाही. संत्र्याच्या गाड्यांना मात्र ही सवलत नव्हती. आत माल तापतो, म्हणून त्या दुपारीही धावत आणि त्यांना नाक्याच्या रांगेत पुढे सोडत.

चौपदरीकरणाने साईडपट्टीचा प्रश्नच संपवला, मोबाईलने निरोपाचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि नाक्यावरची लांबलचक रांग, म्हणजे ओळखी होण्याची मुख्य जागा, आखूड झाली. मालकांनी खर्चासाठी क्लिनर कमी केले. एकटा चालक बंद गाडीपाशी थांबायला बिचकतो, त्याला लुटालुटीची भीती असते आणि ती खोटी नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा; ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. त्यावर वाटेत थांबायचे नसते आणि रस्त्याकडेला खाटा टाकलेला ढाबाही नाही. ट्रकमागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ तर राज्याने २०१५ मध्येच बंद केले, तरी ते रंगवले जातेच.

जिथे गरज उरली तिथे रिवाज उरले आहेत. परतवाडा-धारणी रस्त्यावर मेळघाटात वळणावर आजही भरल्या गाडीसाठी उतरणारा थांबतो. वणी-घुग्घुसकडे कोळशाच्या वजनकाट्यावर तासन्‌तास नंबर लागतो. आंघोळीला किंवा जेवायला जाणारा चालक किल्ली मागच्या गाडीवाल्याकडे देऊन जातो आणि रांग सरकली की तो दोन्ही गाड्या एकेक करून पुढे घेतो. किल्ली घेणाऱ्याचे नाव बहुतेकदा माहीत नसते, गाडीचा नंबर पुरतो.