डग्लस, टॉमी
डग्लस, टॉमी : (२० ऑक्टोबर १९०४ – २४ फेब्रुवारी १९८६). कॅनडातील सस्कॅचेवन प्रांताचे प्रीमियर आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे पहिले राष्ट्रीय नेते. पूर्ण नाव टॉमस क्लेमेंट डग्लस. १० जुलै १९४४ ते ७ नोव्हेंबर १९६१ अशी सलग सतरा वर्षे ते प्रांताच्या प्रमुखपदी होते. प्रीमियर हे पद भारतातील राज्याच्या मुख्यमंत्र्यासारखे. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे प्रीमियर झाले, ते याच अर्थाने. मात्र कॅनडात आरोग्य आणि शिक्षण हे विषय राज्यघटनेने मुख्यतः प्रांतांकडे सोपवलेले असल्याने तेथील प्रीमियरच्या हाती मोठी सत्ता असते. डग्लस यांची कारकीर्द समजून घेताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही.

त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील फॉलकर्कजवळच्या कॅमेलन येथे, लोखंडाच्या ओतशाळेत काम करणाऱ्या कामगाराच्या घरी झाला. १९१०–११ च्या सुमारास कुटुंब कॅनडातील विनिपेगला आले. लहानपणी गुडघ्याला झालेली जखम चिघळून त्यांच्या हाडाला पू धरला होता आणि पाय कापण्याची वेळ आली होती. एका शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. ही घटना साधारणपणे १९१३ च्या आसपासची मानतात. दैवाने भेटलेल्या डॉक्टरावर मुलाचा पाय अवलंबून असू नये, असे डग्लस पुढे जन्मभर सांगत राहिले. डग्लस यांनी पुढे प्रांतात आणलेल्या आरोग्य विम्याचा उगम याच आठवणीत शोधण्याची लोकप्रिय चरित्रांची रीत आहे. त्यांच्या निष्ठेचे मूळ तेथे असेलही. योजनेचे मूळ मात्र अन्यत्र आहे (पुढे पाहा).

पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोत राहून कुटुंब विनिपेगला परतले. १९१९ च्या सार्वत्रिक संपात २१ जून रोजी पोलिसांनी जमावावर केलेला गोळीबार डग्लस यांनी एका छपरावरून पाहिला. छापखान्यात उमेदवारी केल्यावर ते ब्रँडन कॉलेजात शिकले आणि १९३० च्या सुमारास वेबर्न या गावी बाप्टिस्ट धर्मोपदेशक म्हणून रुजू झाले. दुष्काळ आणि जागतिक मंदी यांनी तेव्हा गव्हाचा हा प्रदेश उद्ध्वस्त केला होता. को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन (सीसीएफ) हा शेतकरी, कामगार आणि समाजवाद्यांचा पक्ष १९३२ मध्ये कॅल्गरीत स्थापन झाला. पुढील वर्षी त्याचा जाहीरनामा रिजायना येथे संमत झाला. १९३४ च्या प्रांतिक निवडणुकीत डग्लस हरले, पण १९३५ मध्ये वेबर्नमधून संघीय संसदेत निवडून गेले. या वेळी सोशल क्रेडिट या प्रतिस्पर्धी पक्षाच्या स्थानिक समर्थकांचा पाठिंबा घेतल्याबद्दल स्वपक्षातच त्यांच्यावर टीका झाली.

१९३३ मध्ये त्यांनी मॅकमास्टर विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध सुप्रजननवादी (निवडक लोकांनाच संतती होऊ देऊन समाज ‘सुधारावा’ असे मानणारा) होता; ‘सदोष’ ठरवलेल्या व्यक्तींचे निर्बीजीकरण करावे असे त्यात सुचवले आहे. गौरवपर लेखनात हा भाग वगळला जातो, ते योग्य नाही. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे, की सत्तेवर आल्यानंतर आणि आरोग्य खाते स्वतःकडे असतानाही त्यांनी असा कायदा केला नाही. शेजारच्या अल्बर्टात तो १९२८ पासून १९७२ पर्यंत लागू होता.

१५ जून १९४४ च्या निवडणुकीत सीसीएफने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या आणि विल्यम पॅटरसन यांचे लिबरल सरकार पायउतार झाले. उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार, असे त्याचे वर्णन सर्वत्र आढळते. ते ढोबळ मानाने बरोबर आहे. पण या सरकारने जमिनीचे राष्ट्रीयीकरण केले नाही, उलट कर्जबाजारी शेतकऱ्याची जमीन त्याच्याकडेच राहावी म्हणून कायदा केला. सरकारी विमा कंपनी आणि वीज महामंडळ टिकले. पादत्राणांचा आणि लोकरीचा सरकारी कारखाना बुडाला. कामगार संघटनांचा कायदा (१९४४), शाळांची मोठ्या घटकांत पुनर्रचना, कॅनडातील पहिला प्रांतिक हक्क कायदा (१९४७) आणि १९४९ पासूनचे ग्रामीण विद्युतीकरण ही इतर ठळक कामे होत. वित्तमंत्री क्लॅरेन्स फाइन्स यांचा अंदाजपत्रक तुटीत न जाऊ देण्याचा आग्रह होता आणि डग्लस यांनी तो मानला.

आरोग्य विम्याच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. डग्लस यांना ‘मेडिकेअरचे’, म्हणजे कॅनडातील सार्वजनिक आरोग्य विम्याचे, ‘जनक’ म्हणतात. हीच पदवी न्यायमूर्ती एमेट हॉल यांना आणि मॅट अँडरसन या नॉर्वेत जन्मलेल्या शेतकऱ्यालाही दिली जाते. सस्कॅचेवनमधील सार्निया या ग्रामीण नगरपालिकेने १९१४ च्या सुमारास, डॉक्टर गाव सोडून जाऊ नये म्हणून, त्याला कराच्या पैशातून वार्षिक मानधन देऊ केले. १९१६ मध्ये या पद्धतीला कायद्याचा आधार मिळाला आणि त्याच काळात अनेक नगरपालिकांनी मिळून चालवायची रुग्णालये उभी राहू लागली. क्षयरोगावरील उपचार प्रांतात १९२९ पासून मोफत होते. अँडरसन यांनी मॅककिलॉप या ग्रामीण नगरपालिकेत आखलेल्या योजनेसाठी १९३९ चा कायदा झाला. म्हणजे डग्लस सत्तेवर येण्यापूर्वीच, एकमेकांचा दवाखान्याचा खर्च करातून उचलण्याची सवय या प्रांतातील शेतकऱ्यांना झाली होती. सर्व बाजू पाहता, कल्पना गावांची आणि तिला प्रांतभर सक्तीच्या कायद्याचे रूप देण्याचे कर्तृत्व डग्लस यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्यांनी पावले टाकली तीही क्रमाने. १९४४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांच्याकडून पाहणी करून घेतली. १ जुलै १९४६ रोजी स्विफ्ट करंट विभागात डॉक्टरी सेवेची योजना सुरू झाली. दरडोई व मालमत्ता कर हे तिचे उत्पन्न होते आणि डॉक्टरांना प्रत्येक सेवेमागे शुल्क मिळे. १ जानेवारी १९४७ रोजी प्रांतभर रुग्णालय विमा लागू झाला. वर्गणी माणशी ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर होती. डॉक्टरी विम्यासाठी मात्र आणखी पंधरा वर्षे थांबावे लागले. संघ सरकारच्या १९५७ च्या कायद्यान्वये पुढील वर्षी रुग्णालय खर्चाचा वाटा ओटावाकडून येऊ लागला, तेव्हा प्रांताचे हात मोकळे झाले. १६ डिसेंबर १९५९ च्या नभोवाणी भाषणात डग्लस यांनी योजनेची पाच तत्त्वे मांडली : आगाऊ भरणा, सर्वांना लाभ, उत्तम दर्जा, सार्वजनिक व्यवस्थापन आणि सेवा देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांनाही मान्य होईल असे स्वरूप. पाचव्या तत्त्वानेच पुढे सर्वाधिक अडचण केली. १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर झाली. डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोधी प्रचार केला, तरी सीसीएफ जिंकला.

ऑगस्ट १९६१ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने डग्लस यांना नेते निवडले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी प्रीमियरपद वुड्रो लॉइड यांच्याकडे सोपवले. विम्याचा कायदा त्याच महिन्यात संमत झाला. १ जुलै १९६२ रोजी तो लागू होताच डॉक्टर संपावर गेले. २३ दिवसांचा हा संप लॉइड यांनी निभावला, त्यामुळे श्रेयाची वाटणी करताना त्यांचे नाव मागे पडू नये. ब्रिटनचे लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने सॅस्काटून करार झाला. त्यात योजना टिकली, पण डॉक्टरांना तिच्याबाहेर राहून रुग्णाकडून शुल्क घेण्याची मुभा राहिली. १९६४ मध्ये सत्तेवर आलेल्या लिबरल सरकारनेही योजना मोडली नाही. त्याच वर्षी न्यायमूर्ती हॉल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने देशभर अशा विम्याची शिफारस केली आणि १९६६ मध्ये संघीय कायदा झाला.

राष्ट्रीय राजकारणात डग्लस यांना तसे यश लाभले नाही. संपाच्या ऐन तोंडावर, जून १९६२ मध्ये, ते रिजायनात पराभूत झाले. नंतर ब्रिटिश कोलंबियातून पोटनिवडणुकीत निवडून आले. ऑक्टोबर १९७० मध्ये क्वेबेकमधील अपहरणांनंतर लागू केलेल्या युद्धकालीन अधिकार कायद्याला त्यांनी संसदेत विरोध केला. १९७१ मध्ये त्यांनी पक्षनेतृत्व आणि १९७९ मध्ये संसद सोडली. कॅनडाच्या पोलिसांनी अनेक दशके त्यांच्यावर गुप्त पाळत ठेवली होती, हे २००६ मध्ये उघड झाले. सॅस्काटून कराराने मोकळी ठेवलेली जादा शुल्काची वाट संसदेने १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्याने, असे शुल्क आकारू देणाऱ्या प्रांतांचे संघीय अनुदान कापण्याची तरतूद करून, अडवली. डग्लस यांचे निधन त्यानंतर दोन वर्षांच्या आत ओटावा येथे झाले.