लस, रक्त आणि नोंदवहीतली तारीख

"लस दिलीय, म्हणून रक्त पॉझिटिव्ह येतंय." जनावरांच्या खरेदीत ब्रुसेलोसिस या रोगाच्या तपासणीबद्दल विकणारा असं म्हणाला की घेणारा गोंधळतो. हे म्हणणं खरं असू शकतं, खोटंही असू शकतं. नुसतं रक्त तपासून ते कळत नाही. त्यासाठी लस कधी टोचली, ती तारीख लागते.

हा रोग ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे होतो. गाय पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते. कच्च्या दुधातून किंवा गाभडलेलं वासरू उघड्या हातांनी उचलल्यामुळे तो माणसालाही होतो. गाय गाभडली की दृष्ट लागली म्हणून गंडा बांधणारे अजून आहेत. त्या दिवसांत जंतू गोठाभर पसरलेले असतात.

याची पहिली चाचणी, रोझ बेंगाल, मला फार आवडते. मेलेले ब्रुसेला जंतू गुलाबी रंगात रंगवलेले असतात. त्यांचा ३० मायक्रोलिटर थेंब आणि तेवढाच रक्तद्रव पांढऱ्या फरशीवर मिसळून चार मिनिटं हलवायचा. रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, असतील तर इंग्रजी वाय अक्षरासारखा त्यांचा रेणू एका हाताने एक जंतू आणि दुसऱ्या हाताने दुसरा जंतू धरतो. अशा असंख्य जोडण्या झाल्या की डोळ्यांना गुलाबी गुठळ्या दिसतात. हे मिश्रण मुद्दाम आम्ल ठेवतात, सामू (पीएच) साधारण ३.६५. त्यामुळे आयजीएम गटाची उगाच चिकटणारी प्रतिपिंडं मंदावतात आणि आयजीजी गटाची काम करत राहतात.

ही प्रतिपिंडं जंतूला पकडतात ती त्याच्या अंगावरच्या साखरेच्या लांब साखळीला. तिला ओ-साखळी म्हणतात. आपल्याकडे कालवडींना देतात ती एस-१९ लस म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला ब्रुसेलाच, आणि त्याच्याही अंगावर हीच साखळी असते. त्यामुळे लसीची प्रतिपिंडं आणि रोगाची प्रतिपिंडं या चाचणीला सारखीच दिसतात. म्हणूनच ही लस ४ ते ८ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. कालवड माजावर येऊन गाभण राहीपर्यंत बहुतेक वेळा लसीची प्रतिपिंडं ओसरलेली असतात. मोठ्या गाईला लस टोचली तर ही प्रतिपिंडं दीर्घकाळ टिकतात आणि तपासणी फसते. आरबी-५१ नावाच्या दुसऱ्या लसीच्या जंतूला ही साखळी जवळजवळ नसतेच, म्हणून रोझ बेंगालमध्ये ती गोंधळ घालत नाही.

म्हणजे चाचणीचा निम्मा भाग कागदावर असतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यात लसीकरणाचा दाखला आणि जनावरावर खूण, दोन्हींची तरतूद आहे. हा कागद खरा का हवा, त्याचं कारण वरच्या ओ-साखळीत आहे. खोट्या तारखेने रोगट गाय 'लसवाली' ठरते आणि निरोगी गाय रोगट.

कानातला १२ अंकी बिल्ला आणि मोबाइलवरची नोंद आली, आता रोग संपला, असा गाजावाजा होतो. पण बिल्ला फक्त जनावर ओळखतो. रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर चुकीचा क्रमांक लिहिला गेला तर शेजारच्या गाईचा अहवाल आपल्या गाईच्या नावावर येऊ शकतो.

म्हणून गाय घेताना विकणाऱ्याकडून बिल्ल्याचा आकडा घ्या आणि तो दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना दाखवून नोंद वाचून घ्या. लसीच्या दिवशी कालवड किती महिन्यांची होती, एवढं जरूर विचारा. नोंद सापडली नाही आणि रक्त पॉझिटिव्ह असेल, तर दुसऱ्या पद्धतीने तपासणी होईपर्यंत ती गाय आपल्या गोठ्यात बांधू नका.