कारखान्याचं कुंपण आणि गावाची वेस

पलूस, तासगाव, वाळवा या पट्ट्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत तासभर बसलं, तर एक वाक्य हमखास कानावर येतं: "सीएसआरमधून काही बसतंय का बघा." कुणाला शाळेवर नवे पत्रे हवे असतात, कुणाला पाण्याचा आरओ प्लांट, कुणाला स्मशानभूमीचं शेड. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायची कायदेशीर जबाबदारी. हा शब्द गावात आला २०१४ नंतर, कायद्याच्या मागोमाग. पण कारखाना आणि शेजारचं गाव यांनी एकमेकांचं काय देणं लागतं, हा प्रश्न सांगली-साताऱ्याला नवा नाही. शंभराहून अधिक वर्षं हा भाग त्याच्याशी झगडतो आहे. म्हणून आजच्या दोन टक्क्यांकडे बघण्याआधी मागे जावं लागतं, थेट कुंडलच्या माळापर्यंत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि ते यांत्रिक आराखड्यांकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवलंही. १८८८ साली बेळगावात थोरले बंधू रामचंद्रराव यांच्यासोबत सायकलींचं दुकान सुरू झालं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिच्यात आहे. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. म्हणजे या उद्योगाला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक होतं ते शेजारच्या शिवारातलं, आणि ते हट्टी होतं. त्याच्या मनातली भीती समजून घेतल्याखेरीज माल खपत नव्हता. परदेशी कंपनीला जसं दूर राहून धंदा करता येतो, तसं इथे शक्य नव्हतं. शेतकऱ्याशी बोलणं ही या कारखान्यासाठी दानधर्माची बाब कधीच नव्हती. कारखाना चालणं न चालणं त्यावरच होतं.

बेळगावात शहराची वाढ होत होती. ठळकवाडी ही नवी वस्ती वसवायची म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली आणि बस्तान उठलं. त्याच सुमारास लक्ष्मणराव औंध दरबाराच्या बांधकामावर होते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली औंधच्या गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान होतं ते, आणि त्यात नागांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० ला पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं या माळावर उतरली. किर्लोस्करवाडीचा आरंभ हा असा.

युरोप-अमेरिकेतल्या उद्योगनगरांविषयी लक्ष्मणरावांनी वाचलं होतं आणि तसं काही आपल्याकडे उभं करायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. रामचंद्ररावांनी, म्हणजे वाडीच्या रामूअण्णांनी, वस्तीचा कारभार अंगावर घेतला. पाणी, घरं, शाळा, स्वच्छता हे सगळं कारखान्याच्या बरोबरीने उभं राहत गेलं. दुसरा इलाजही नव्हता. माळावर ना बाजार होता, ना दवाखाना. कामगार टिकायचा तर त्याची बायकामुलं टिकली पाहिजेत, हे साधं गणित होतं. त्याला कुणी 'सामाजिक जबाबदारी' म्हटलं नाही.

तरी सगळंच गणिताचं नव्हतं. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. १९१०च्या दशकात, सातारा-औंध भागात हे बोलणं सोपं नव्हतं आणि करणं त्याहून अवघड. दुसरी गोष्ट पहाऱ्याची. शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने गुन्हेगार म्हणून बाजूला टाकलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीवर नेमलं. ज्याच्यावर कुणाचाच विश्वास नाही, त्याच्या हाती किल्ल्या दिल्या. मला ही गोष्ट वाडीच्या सगळ्या इमारतींपेक्षा मोठी वाटते. पुढे १९३९ साली औंध संस्थानानेच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. भिंतीविना तुरुंगाचा तो प्रयोग याच मातीत रुजला, हे उगाच नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक थांबली आणि वाडीच्या नांगराला मागणी आली, पण लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. लाकडी कोळशावर भट्ट्या चालवून काम निभावलं. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रं, रहाट, आणि १९२६ च्या सुमारास पंप. कृष्णाकाठचा शेतकरी आज ज्या मोटारपंपावर ऊस पिकवतो, त्या वाटेची सुरुवात इथली. १५ जानेवारी १९२० ला किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. आधी ते गिऱ्हाइकांना मालाची माहिती देणारं पत्रक होतं, मग मासिक झालं, आणि जातिभेद, अंधश्रद्धा, स्त्रियांचं शिक्षण यांवर मराठी घरांत वाद घडवू लागलं. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं. नांगर ओतणाऱ्या माळावरून मराठी मध्यमवर्गाचं मन नांगरलं गेलं. कारखान्याने समाजासाठी काय केलं, याचा हिशेब मांडताना इमारती मोजणारे ही मासिकं विसरतात.

वाडी एकटी नव्हती. कराडजवळ १९१६ साली ओगले काच कारखाना निघाला आणि ओगलेवाडी वसली. तिथला प्रभाकर कंदील वीज नसलेल्या महाराष्ट्रभर पेटला. सातारारोडला सर धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. कूपर नांगर आणि किर्लोस्कर नांगर यांची चुरस जुने शेतकरी रंगवून सांगत. रेल्वेच्या एकाच रुळावर, स्टेशनाच्या आधाराने, अशा वस्त्या उभ्या राहिल्या. कुंडल रोड स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं.

पण कुंपणाच्या आत एवढं घडत असताना कुंपणाबाहेर काय चाललं होतं? शेजारचं कुंडल हे १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना झुगारून गावांनी चालवलेल्या समांतर सरकारचं, मोठं केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना ही नावं इथल्या पोराटोरांना पाठ. सावकाराचा पाश, दारू, खर्चिक लग्नं यांविरुद्ध गावांनी स्वतःची न्यायदान मंडळं उभारली. म्हणजे सुधारणा फक्त वाडीतच होत होती असं नाही. गाव आपल्या पद्धतीने, आपल्या माणसांच्या हातून बदलत होतं. दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते आणि नेहमीच एकमेकांत मिसळत होते असं म्हणता येणार नाही.

१९४८ साली ते फार वाईट रीतीने दिसलं. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली, मारेकरी ब्राह्मण आहे हे कळलं, आणि सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्या आगीत सापडला. निरपराध माणसांना जातीवरून जाळपोळीला तोंड द्यावं लागलं, याचं समर्थन कशानेही होत नाही. ज्या मालकाने वाडीत अस्पृश्यता बंद केली, त्याचाच कारखाना जातीच्या नावाने पेटावा, ही गोष्ट आजही अंगावर येते. पण पार्श्वभूमी लिहायची तर ही घटना गाळूनही चालत नाही. अडतीस वर्षांच्या नमुनेदार वसाहतीनंतरही कुंपणाबाहेरच्या अनेकांसाठी वाडी 'त्यांची' राहिली होती. आतल्यांसाठी किती केलं आणि बाहेरच्यांशी किती नातं जुळलं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ साली गेले.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला सांगली-साताऱ्याने वेगळंच उत्तर दिलं: कारखानाच गावाचा करायचा. नगर जिल्ह्यातल्या लोणीला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ती लाट कृष्णाकाठी आली. सांगलीत वसंतदादा पाटील, साखराळ्याला राजारामबापू पाटील, वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींचा हुतात्मा किसन अहिर कारखाना, आणि कुंडललाच, वाडीच्या हाकेच्या अंतरावर, जी. डी. बापू लाडांचा क्रांती कारखाना. प्रतिसरकारातली माणसं आता चिमण्या उभारत होती. उसाच्या बिलातून होणाऱ्या कपातीवर शाळा, महाविद्यालयं, दवाखाने, उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या. इथे देणारा आणि घेणारा एकच, सभासद शेतकरी. वार्षिक सभेत उठून 'माझ्या टनामागचे पैसे कुठे गेले' असं विचारायचा त्याला हक्क. सगळीकडे तो हक्क जिवंत राहिला नाही आणि राजकारणाने अनेक कारखाने पोखरले, हेही तितकंच खरं. तरी शेतकऱ्याला तो हक्क एकदा तोंडपाठ झाला होता, आणि आजच्या सीएसआरमध्ये नेमका तोच सापडत नाही.

कंपनी कायदा २०१३ मध्ये आला. त्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. सरासरी नफा शंभर कोटी असेल तर दोन कोटी. कोणती कामं चालतील याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे: भूक, आरोग्य, शिक्षण, पिण्याचं पाणी, पर्यावरण, ग्रामविकास वगैरे. सहकारी कारखाने कंपनी कायद्याखाली येत नाहीत, म्हणून त्यांना हे कलम लागू नाही. खासगी साखर कंपन्या आकड्यांत बसल्या तर त्यांना लागू आहे.

या कायद्यातल्या दोन तरतुदी जुन्या इतिहासाशेजारी ठेवून बघाव्यात. एक म्हणजे, फक्त आपल्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना फायदा देणारं काम सीएसआर धरलं जात नाही. १९१० सालच्या वाडीतली घरं आणि तिथलं पाणी आजच्या हिशेबात एक रुपयाही भरले नसते. कायद्याने नजर मुद्दाम कुंपणाबाहेर वळवली, आणि माझ्या मते ते बरोबर केलं. १९४८ चा धडा असाच काही होता.

दुसरी तरतूद मात्र अर्धवट राहिली. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कलमात लिहिलं आहे. पण हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला. कारखान्याचा धूर आणि रस्त्यावरच्या मालट्रका इथल्या गावाच्या वाट्याला, आणि निर्णय मात्र पुण्या-मुंबईतल्या संचालकांच्या समितीत. गावाच्या ग्रामसभेला त्या समितीत जागा नाही. ग्रामपंचायत ठराव करते, प्रस्ताव पाठवते, आणि वाट बघते. वार्षिक सभेत उठून विचारणारा सभासद आणि प्रस्तावाची पोच मिळेल म्हणून थांबलेला सरपंच यांच्यात केवढा फरक पडला!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी गाठली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं बुडाली. त्या दिवसांत आधी धावले ते शेजारच्या गावांतले लोक. ज्याचा कुंपणापलीकडे रोजचा संबंध असतो, त्याला पुराच्या रात्री कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे हे ठाऊक असतं. समितीच्या कागदावर ते नसतं.

आमच्या भागातल्या एका शाळेत कुठल्याशा कंपनीने बसवलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र मी पाहिलं आहे. वर कंपनीची पाटी चकचकीत, खाली नळ कोरडा. फिल्टर बदलायला पैसे नव्हते. दोष यंत्राचा नव्हता आणि मुख्याध्यापकांचाही नव्हता. २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती ट्रस्टकडे, लाभार्थी गटाकडे किंवा सार्वजनिक यंत्रणेकडे जाते. नियम चांगल्या हेतूचा आहे, कारण दान म्हणून दिलेली वस्तू पुन्हा कंपनीच्याच खात्यात जाऊ नये. पण मालकीबरोबर देखभालीचा खर्चही शाळेच्या दारात येऊन पडतो, आणि त्याची तरतूद कुणी केलेली नसते.

त्याच नियमांत एक वाट मात्र आहे. काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर झालं, तर ते सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येतं, आणि त्याचे न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. आरओसाठी ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतीने नुसत्या यंत्राचा प्रस्ताव न पाठवता यंत्र, वीजबिल, फिल्टर आणि चालवणाऱ्या बाईचा पगार असा तीन वर्षांचा एकत्र प्रस्ताव पाठवला, तर कंपनीला तो घेता येतो. असा प्रस्ताव लिहायला गावात एखादी पदवीधर मुलगी पुरेशी आहे, आणि कुंडल-पलूसच्या महाविद्यालयांतून तशा मुली दरवर्षी बाहेर पडतात.