मोबाइल टॉवर आणि अँटेना उभारणीचे स्थानिक नियम (सोलापूर)

मोबाइलचा टॉवर कुठं उभा करायचा, किती उंच, कुणाच्या गच्चीवर, कुणाला विचारून, आणि न विचारता केला तर पुढं काय, हे ठरवणाऱ्या नियमांना मिळून टॉवरचं झोनिंग म्हणतात. आता सोलापुरात झोन म्हटलं की निम्म्या लोकांना महापालिकेचं झोन ऑफिस आठवतं, जिथं पाण्याची नाहीतर ड्रेनेजची तक्रार द्यायची, आणि उरलेल्यांना प्लॉट दाखवणारा एजंट आठवतो, 'यलो झोन आहे साहेब, बिनधास्त घ्या'. हा दुसरा अर्थ आपल्या विषयाच्या जवळचा आहे पण तोही पुरता लागू पडत नाही.

विकास आराखड्याच्या नकाशात राहण्याचा भाग पिवळा, व्यापारी निळा, कारखान्यांचा जांभळा आणि शेतीचा हिरवा असतो. टॉवर हा धंद्याचा वापर, म्हणून तो फक्त निळ्या नाहीतर जांभळ्यात बसवावा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत न्या की, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. टॉवरला विजेच्या डीपीसारखी सेवा धरतात, माणसं राहतात तिथंच रेंज लागते, त्यामुळं जुळे सोलापूरची कॉलनी असो की होटगी रोडचा बंगला, नुसता रंग बघून टॉवरला नाही म्हणता येत नाही. खरा प्रश्न रंगाच्या खालचा असतो, म्हणजे ती इमारत, ती जमीन, शेजारी काय आहे आणि वर आकाशात काय आहे.

परवानगीचा गोंधळ समजून घ्यायला एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुरे: लोखंड पालिकेचं, लहरी दिल्लीच्या. टॉवरचा सांगाडा हे बांधकाम आहे आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे कुठलंही 'विकासकाम' नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीनं करायचं असतं, शहरात ते प्राधिकरण म्हणजे महापालिका. विनापरवाना उभा केला तर याच कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येते. राज्याच्या नगरविकास विभागानं २०१४ मध्ये टॉवरसाठी वेगळी नियमावली काढली आणि डिसेंबर २०२० पासून मुंबई वगैरे काही भाग सोडून बाकी महाराष्ट्राला जी एकच बांधकाम नियमावली लागू झाली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यातही टॉवरचा विषय आहे. अँटेनातून जे बाहेर पडतं ते मात्र केंद्राच्या दूरसंचार विभागाचं काम. म्हणून रेडिएशनची तक्रार घेऊन इंद्रभुवनच्या, म्हणजे महापालिकेच्या, पायऱ्या चढणारा माणूस चुकीच्या खिडकीवर उभा असतो, आणि भिंतीला तडे गेल्याची तक्रार दिल्लीच्या पोर्टलवर टाकणाराही.

ही वाटणी आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत टॉवरची उंची, हद्दीपासूनचं अंतर, दिसतो कसा हे गावोगावची झोनिंग बोर्डं ठरवतात, पण १९९६ च्या तिथल्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यानं सांगून टाकलं की लहरी केंद्रीय मर्यादेत असतील तर आरोग्याचं कारण देऊन टॉवर नाकारायचा नाही.

आपल्याकडं केंद्रानं पालिकांचे हात हळूहळू आखडते करत आणलेत. नोव्हेंबर २०१६ च्या राइट ऑफ वे, म्हणजे केबल-टॉवरसाठी जागा वापरायच्या हक्काच्या, नियमांनी सांगितलं की अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्या, नाहीतर परवानगी मिळाली असं धरलं जाईल, आणि टॉवरसारख्या जमिनीवरच्या कामाला अर्जाची फी १०,००० रुपयांच्या वर घ्यायची नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ५जी यायच्या तोंडावर दुरुस्ती झाली, खाजगी जागेवर टॉवर असेल तर परवानगी नको, काम सुरू करायच्या आधी लेखी कळवा आणि इमारत भार पेलते असा इंजिनिअरचा दाखला जोडा, असं त्यात आलं. मग दूरसंचार कायदा २०२३ आला आणि त्याखालचे नवे राइट ऑफ वे नियम १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाले. आता राज्याची नियमावली म्हणते परवानगी घ्या, केंद्राच्या नियमांचा कल कळवलं की झालं असा, या दोन्हींच्या मधे जो अर्ज अडकतो त्याचं काय होतं ते टेबलावरच्या माणसावर बरंच अवलंबून असतं, हे कुणी लिहून देणार नाही पण आहे असं.

मला विचाराल तर सोलापुरात सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे इमारत भार पेलते याचा, स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचा दाखला. टॉवर दोन तऱ्हेचे, जमिनीवरचा आणि गच्चीवरचा, टॉवरवाल्यांच्या भाषेत जीबीटी आणि आरटीटी. गच्चीवर नुसते पाइप आणि अँटेना नसतात, बॅटऱ्या असतात, केबिन असते, कधी जनरेटरही वरच चढवलेला, आणि सगळं वजन कॉलमवरून खाली उतरायला पाहिजे, मधल्या स्लॅबवर बसवून चालत नाही. आता साखर पेठ, शुक्रवार पेठ, भवानी पेठेतली जुनी घरं बघा, काहींना अजून माळवद, म्हणजे मातीचं छत, आहे, काहींच्या भिंती दगड-मातीच्या आणि वर पुढच्या पिढीनं चढवलेले दोन मजले, काही ठिकाणी तळाला यंत्रमाग खडखडतोय, बिल्डिंग दिवसभर हादरे खाते. अशा घरावर टॉवर म्हणजे दाखला नुसता सहीचा नको, कॉलम तपासून दिलेला पाहिजे. त्यात एप्रिल-मेमधे वळवाचं वारं सुटलं की इथं पत्रे उडतात, होर्डिंग झोपतात, आणि टॉवरला खरी भीती स्वतःच्या वजनाची कमी, वाऱ्याची जास्त. वाऱ्याचा भार आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे काढतात. शहराबाहेर काळ्या रानात जीबीटी असेल तर आणखी एक लफडं, काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो.

शेजाऱ्यांचं भांडण मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याच गोष्टीवरनं असतं. लाइट गेली की जनरेटरचा आवाज आणि धूर. आणि दुसरं, जे कुणी अर्जात लिहीत नाही, भाडं त्याला आणि टॉवर आमच्या डोक्यावर. सोसायटी असेल तर संस्थेची लेखी ना-हरकत आधी घ्यावी, वरच्या मजल्यावरच्यांना विश्वासात घ्यावं, नाहीतर पुढची दहा वर्षं जिन्यात कुणी कुणाशी बोलत नाही.

आता रेडिएशन. सप्टेंबर २०१२ पासून भारतानं आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मर्यादेचा फक्त दहावा हिस्सा मर्यादा म्हणून धरला, ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, १८०० ला साधारण ०.९. मोडली तर दंड दहा लाखांपर्यंत ठेवला. याच नियमांत अँटेनाच्या समोर, त्याच उंचीला असलेल्या इमारतीपासून किती अंतर पाहिजे तेही आलं, एक अँटेना असेल तर २० मीटर आणि संख्या वाढली की अंतरही वाढतं. 'समोर' हा शब्द लक्षात ठेवा. अँटेना लहरी आडव्या फेकते, किंचित खाली झुकवून, त्यामुळं ज्याच्या गच्चीवर टॉवर त्याच्या घरात दिव्याखाली अंधार, म्हणजे लहरी कमी, आणि मोजमाप जास्त येईल ते समोरच्या तिसऱ्या मजल्यावर. २०११ मध्ये कर्करोगावरच्या आयएआरसी संस्थेनं या लहरी '२बी', म्हणजे कदाचित कर्करोगकारक, या गटात टाकल्या, भीती तिथनं वाढली. पुरावा मर्यादित आहे म्हणूनच तो गट, हे पुढं कुणी वाचत नाही. शंका असेल तर मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या तरंग संचार पोर्टलवर ४,००० रुपये भरून मोजणी मागता येते.

गावाकडं ग्रामसभेत ठराव करून टॉवर रोखायची पद्धत आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या चिकुर्डे ग्रामपंचायतीचा असा ठराव मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये रद्द केला, शास्त्रीय आधार नसताना नुसत्या भीतीवर अडवता येत नाही म्हणून.

उंचीचं मात्र सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ९० मीटरच्या आसपासची चिमणी विमानांना अडथळा म्हणून १५ जून २०२३ ला पाडली तेव्हा अख्खं शहर आधी तिच्यावर भांडत होतं आणि मग मोबाइलवर तिचा व्हिडिओ बघत होतं. तोच नियम टॉवरलाही. विमानतळाभोवतीच्या उंचीचे २०१५ चे केंद्रीय नियम आहेत, रंगीत नकाशे आहेत, ठराविक उंचीच्या वर विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. होटगी रोडचा विमानतळ वर्षानुवर्षं सुनाच होता तोवर हे कुणाच्या ध्यानात नव्हतं, सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन होऊन पुढच्या वर्षी गोव्याचं विमान सुरू झाल्यावर त्या बाजूच्या प्रत्येक उंच कामाला हा कागद आठवायला लागला.

भुईकोट किल्ल्याजवळ पुरातत्त्व कायद्याची अट, १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीनं. उत्तरेला नान्नजचं माळढोक अभयारण्य. पर्यावरण मंत्रालयानं २०१२ मध्ये पक्षी आणि मधमाश्यांचा विचार करून सल्ला दिला होता की जुन्या टॉवरच्या एक किलोमीटरच्या आत नवा नको, त्यापेक्षा आहे तोच टॉवर कंपन्यांनी वाटून घ्यावा. शहरात हे पाळणं अवघड आहे, ५जीला तर जवळजवळच अँटेना लागतात, पण माळरानावर पाळायला काय हरकत आहे.

कराचं गणित मधेच बदललं. डिसेंबर २०१६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असा निकाल दिला आणि सगळ्या पालिकांना हुरूप आला. २०२३ च्या कायद्याचं कलम १४ उलटं सांगतं, दूरसंचार नेटवर्क हा त्या मालमत्तेचा भाग धरायचा नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. जुनी थकबाकी आणि विनापरवाना बांधकामाची शास्ती हे वाद वेगळेच, ते कोर्टात फिरत राहतात.

टॉवर बसवतो, महिन्याला एवढं भाडं, आधी रजिस्ट्रेशन फी भरा, असा फोन आला तर ठेवून द्यायचा, ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, किंवा दूरसंचार विभाग यासाठी कुणाकडनं पैसे घेत नाही. आणि खरा करार झाला तरी त्यात शेवटचं कलम वाचून घ्या, टॉवर काढून कोण नेणार आणि गच्ची कोण दुरुस्त करून देणार. २०१७-१८ च्या सुमाराला काही मोबाइल कंपन्या बंद पडल्या, काही एकमेकींत मिसळल्या, भाडं थांबलं की मालकाच्या हातात राहतो तो गंजलेला सांगाडा, आणि तो उतरवायला क्रेनवाला विचारतो, पेठेत गाडी शिरणार कुठनं.