चाळीसपैकी चाळीस ‘हो’

दांडियाबाजारातल्या आमच्या घरी आजी ‘कावळा शिवला’ म्हणायची, शेजारच्या गुजराती काकी ‘छेटे बेठी छे’. ‘पाळी’ हा शब्द मी चारचौघांत उच्चारला तो थेट एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी, बडोद्यातल्याच एका शाळेत.

विषय माझा संख्याशास्त्र. आरोग्याचं मार्गदर्शक बाई बघणार, मी आकडेमोड करणार, असं ठरलं होतं. आठवीच्या चाळीस मुलींना विचारलं, पाळी वेळेवर येते का? चाळीसच्या चाळीस ‘हो’. मी खूश. बाईंनी कागद चाळले आणि एवढंच विचारलं, “वर्गात कोण होतं गं?”

वर्गशिक्षिका होत्या. दाराशी, हातात पट्टी घेऊन.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची पाळी अशी एकजात वेळेवर येत नसते. मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखालची पीयूषिका ग्रंथी आणि अंडाशय यांच्यातली निरोपानिरोपी सुरुवातीची एक-दोन वर्षं कच्चीच असते. कित्येक महिने अंडं सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पुरेसं बनत नाही आणि तारीख घसरते. या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर डॉक्टर सर्वसाधारण मानतात. मुलींनी मात्र ‘वेळेवर’ म्हणजे ‘शहाणी’ असं वाचलं होतं. चूक माझ्या प्रश्नाची.

पुढच्या खेपेला शिक्षिका बाहेर, प्रश्न फक्त मागच्या दोन पाळ्यांचा, आणि चिठ्ठ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. एकीने लिहिलं, ‘गरब्याच्या तिसऱ्या रात्री, मग एकदम देवदिवाळीला.’ गुजरातेत देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा. मोजले तर 41-42 दिवस! त्या चिठ्ठीपाशी मी या विषयात अडकले.

शरीरसंबंध, गर्भपात अशा प्रश्नांना डबाही पुरत नाही. तिथे स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 साली मांडलेल्या युक्तीचं एक सोपं रूप कामी येतं. नाणं उडवायचं. छापा पडला तर प्रश्न न बघता ‘हो’, काटा पडला तर खरं उत्तर. हजार जणींत 560 ‘हो’ आले, तर साधारण 500 नाण्याचे. उरलेले 60 हे काटा पडलेल्या 500 जणींमधले, म्हणजे 12 टक्के. कोणाचा ‘हो’ खरा, ते मलाही कळत नाही. चाळीस जणींवर मात्र हा हिशेब डळमळतो, उत्तरं शेकड्यांनी लागतात.

आता पीएच.डी.ला हेच घेतलंय. पहिला सराव आजीवर केला. प्रश्न होता, पाळीत कधी देवाला शिवलीस का? तिने नाणं पदराआड पाहिलं आणि ‘हो’ लिहिलं.

“आजी, छापा होता का गं?”

“कळू नये म्हणूनच नाणं ना? मग विचारतेस काय!”