दरोडेखोर आणि दरोडेकोर

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ‘साहस’ करणारा माणूस चोरापेक्षाही मोठा पापी ठरवला आहे. चोर नजर चुकवून नेतो, हा मालकाच्या डोळ्यांदेखत बळजबरीने नेतो. ‘सहस्’ म्हणजे बळ, त्यावरून हा शब्द आला. आज बेळगावात पोरांना साहस शिबिराला घालायचं तर पालक आपण होऊन फी भरतात! शब्दाच्या अशा बढतीला भाषाविज्ञानात अर्थोत्कर्ष म्हणतात.

‘दरोडेखोर’ला मात्र अशी बढती मिळाली नाही. त्यातलं ‘खोर’ फारसीतल्या खाण्याच्या क्रियापदावरून आलेलं. लाचखोर खरंच लाच खातो, पण पुढे खाणं मागे पडलं आणि खोड उरली: चुगलीखोर, भांडखोर, दरोडेखोर. हीच मंडळी कन्नडमध्ये दरोडेकोर, लंचकोर, बंडुकोर म्हणून भेटतात.

ख चा क का झाला? तोंडासमोर तळहात धरून आधी ‘कोर’ म्हणा, मग ‘खोर’. दुसऱ्या वेळी हातावर हवेचा झोत आपटतो. द्राविडी भाषांच्या मूळ ध्वनींमध्ये असे झोताचे ध्वनी, म्हणजे महाप्राण, नाहीत. कन्नड वर्णमालेत ख आहे, पण तो मुख्यतः संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी. बोलताना हा झोत सहज गळतो, आणि इथे तर तो लिहिण्यातूनही गेला.

‘पुंड’ची गत वेगळी. जुन्या मराठी कागदांतले पुंड-पाळेगार सरकारला न जुमानणारे, कन्नडमधला पुंड म्हणजे साधा गुंड.

माणसांच्या बाबतीत ही बढती शब्दांपेक्षा भराभर होते. संगोळ्ळी रायण्णा कित्तूर संस्थानचा शेतसनदी, म्हणजे चाकरीच्या बदल्यात जमीन कसणारा. त्याने 1829-30 मध्ये कंपनीच्या कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. कंपनीच्या लेखी तो बंडखोर, म्हणून 26 जानेवारी 1831 रोजी खानापूर तालुक्यातल्या नंदगडला त्याला फाशी दिलं. आता बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्थानकाला ‘क्रांतिवीर’ लावून त्याचंच नाव आहे.

बाकी ‘खोर’वाल्यांत थोडीफार इज्जत कमावली ती एकट्या ‘बंडखोर’ने, असं माझं मत. बंडखोर कवी म्हटलं तर कवी खूश होतो. भांडखोर कवी म्हणून बघा! निवडणुकीत तिकीट हुकलेला पुढारी मराठी पेपरात बंडखोर उमेदवार असतो, कन्नड पेपरात ‘बंडाय अभ्यर्थी’. अर्ज मागे घ्यायच्या मुदतीपर्यंत त्यातल्या बऱ्याच जणांचं बंड दोन्ही भाषांत शमलेलं असतं.